धुरपताबाईंच्या हाताला कळलेलं

धुरपताबाई कांबळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका गाईच्या पाठीवर ओलं पोतं अंथरत होत्या. गाईच्या दोन्ही अंगांना त्यांनी घमेली ठेवली होती. पोत्यातून निथळलेलं पाणी घमेल्यात जमलं की तेच पाणी त्या पुन्हा ओंजळीनं पोत्यावर मारायच्या. १९८६ च्या मार्चचा पहिला आठवडा होता. पाणी कशाचं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "अंघोळीचं. आमच्या तिघांच्या."

"आणि हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? मला उकडलं की मी पदर भिजवून डोक्यावर घेते. हिला पदर कुठं हाय?"

मी उदगीरचा. पशुवैद्यकाची पदवी घेऊन पुढच्या पदवीचा प्रबंध करत होतो. विषय असा होता की संकरित गाई आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाभण का राहत नाहीत, उन्हाच्या ताणानं त्यांच्या रक्तातल्या संप्रेरकांचं काय होतं. त्यासाठी रेणापूरच्या आसपासच्या पाच गावांतल्या वीस गाई मी निवडल्या होत्या. दर आठवड्याला एकदा जायचं, गाईचा ताप बघायचा, कुशीकडे बघत मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचं आणि मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं. रक्ताच्या कुप्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एसटीनं लातूरला न्यायच्या आणि तिथून पुढे प्रयोगशाळेत पाठवायच्या. धुरपताबाईंची गाय माझ्या यादीत अकरावी होती. गाव तळणवाडी, रेणापूरहून कोसभर.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन तेव्हा चौथं वर्ष सरत होतं. नव्या जिल्ह्याबरोबर नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले आणि भूमिहीन कुटुंबांना संकरित गाय द्यायची एक योजनाही आली. त्र्याऐंशीच्या दिवाळीत ही तांबूस गाय धुरपताबाईंच्या दारात आली, ती गाभणच आली. डावं शिंग टोकाला तुटलेलं, डोळे मोठे, चालताना जरा लंगडल्यासारखी. बौद्ध वस्तीत एवढी मोठी गाय आधी कुणाच्या दारात बांधली गेली नव्हती. धुरपताबाईंचे मालक केरबा हे फारसं न बोलणारे गृहस्थ, त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "आजवर आपण सरकारच्या दारात जात व्हतो, आता सरकार आपल्या दारात आलं." तेव्हापासून गाईचं नाव 'सरकार' पडलं. सरकारला पाणी पाजलं का, सरकार रवंथ करतीया का, असं त्या घरात चालायचं आणि बाहेरच्या माणसाला आधी काही कळायचं नाही.

घरात चारच माणसं. केरबा, धुरपताबाई, सत्तरी ओलांडलेली सासू पारूबाई, जिला धुरपताबाई आत्या म्हणायच्या, आणि मुलगी पंचशीला. पंचशीला नांदेडला वसतिगृहात राहून अकरावीला शिकत होती. तिच्यानंतर धुरपताबाईंना मूल झालं नाही.

गाय व्याल्यावर धुरपताबाई पहिल्यांदा गावच्या दूध संस्थेत दूध घेऊन गेल्या. त्या दिवशी रांगेतल्या दोन बायांनी आपली भांडी मागे घेतली. संस्थेचा सेक्रेटरी श्रीमंत नावाचा होता, गावातला बऱ्यापैकी शेतीवाला. त्यानं धुरपताबाईंचं दूध मापलं, सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतलं आणि मोठ्यानं म्हणाला, "नियम हाय जिल्ह्याचा. मी काय करू?" महिनाभरात त्या दोन बायाही रांगेत पुन्हा उभ्या राहू लागल्या. हे मला धुरपताबाईंनीच सांगितलं, हसत सांगितलं. पण पहिल्या भेटीत माझ्यासाठी चहा ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "आमचा चहा चालंल का, डॉक्टर?" मी "चालेल की!" असं गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणालो होतो. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सरकार दोनदा व्याली. पहिला गोऱ्हा झाला. दुसऱ्या वेळची कालवड चार महिन्यांची होऊन हगवणीनं गेली. नंतर मात्र गाय गाभण राहीना. पंच्याऐंशीचा पाऊस गेला, दुष्काळ पडला, कडबा मिळेना. तीनदा गाय भरवली, म्हणजे रेतन करून घेतलं, तिन्ही वेळा ती उलटली, पुन्हा माजावर आली. मी जाऊ लागलो तेव्हा ती सकाळ-संध्याकाळ मिळून दोन लिटरवर आली होती आणि गावात तिला लोक भाकड म्हणू लागले होते.

योजनेतून गोठ्याला पत्रे मिळाले होते. त्या पत्र्यांखाली मी भर दुपारी तापमान मोजलं तर पारा पंचेचाळिसाच्या वर गेला. गाय तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापत होती. मी धुरपताबाईंना म्हणालो, "ओलं पोतं चांगलं आहे, पण या पत्र्याखाली वाफ कोंडते. हिला झाडाखाली बांधायला हवं, वारा लागेल अशा जागी."

"झाड कुठलं आणू?"

वस्तीच्या जवळ मोठं झाड एकच होतं, श्रीमंतच्या बांधावरचा लिंब. त्या दिवशी मी निघून गेल्यावर धुरपताबाई बांधापाशी जाऊन उभ्या राहिल्या. श्रीमंतची बायको साखराबाई शेतात होती. दोघींचं काय बोलणं झालं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. साखराबाई म्हणाली होती, "बांध की. पण शेण माझ्या उकिरड्यावर पडलं पाहिजे." एवढ्यावर सौदा ठरला. दुपारी अकरा ते पाच सरकार लिंबाखाली, श्रीमंतच्या बैलांच्या शेजारी. धुरपताबाई रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावाच्या मातीवर जायच्या. त्यामुळे दुपारी पोतं ओलं करायचं काम पारूबाईंकडे आलं. म्हातारी लिंबाच्या बुडाशी बसून राही आणि पोतं वाळलं की उठून पाण्याचा हबका मारी. सरकारशी ती बोलायचीही, सुनेच्या तक्रारीच बहुतेक.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला मी रेणापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात कुप्या धूत बसलो होतो. धुरपताबाई कामावर न जाता कोसभर चालत तिथे आल्या. दवाखान्यात मारोती नावाचे पशुधन पर्यवेक्षक होते, गाई भरवण्याचं काम तेच करायचे.

"सरकार आज माजावर आलीया," त्या म्हणाल्या.

मारोतींनी विचारलं, "हंबरली का?"

"न्हाई."

"दुसऱ्या जनावरावर चढली? मागून चिकट तार दिसली?"

"न्हाई दिसली. पण पहाटंपासून कडबा तोंडात धरती आन् सोडून देती. आत्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी ऱ्हायली. तिला आत्याचा कवा लळा न्हाई."

मारोती हसले. "एवढ्यावर कुठं गाय माजावर येते का, बाई?"

मी हसलो नाही, कारण मला पुस्तकातून ठाऊक होतं की उन्हाळ्यात गाईचा माज मुका होतो. बाहेर काही दिसत नाही, आत मात्र सगळं घडत असतं. पण ते या बाईंना कसं ठाऊक, हे मला कळेना. मी विचारलं. बोलावं की नाही असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पायरीवर बसल्या.

"बहात्तरच्या साली आमी खडी फोडायला व्हतो, डॉक्टर. आमच्या टोळीत अठरा बाया. पंचशीला पाठीशी बांधलेली. खायला रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर, आन् वर हे असं ऊन. आठ म्हैने, अठरा बायांत एकीला बी पाळी आली न्हाई. पयल्यांदा वाटलं दिवस गेले. मग कळलं, सगळ्यांचंच असं झालंय. अंगात काय नसलं आन् वरून ऊन तापलं की अंगच म्हणतंय, आता नको. पण अधूनमधून आतल्या आत कळायचं. बाहेर काय दिसायचं न्हाई, पण कळायचं. सरकारचं बी तसंच हाय."

मारोती खाली बघू लागले. मी पंचवीस वर्षांचा, लग्न न झालेला. मला कुठं बघावं समजेना. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझं पुन्हा सुरू झालं, पण मूल काय राहिलं न्हाई. जाऊ द्या. तुमी येता का?"

आम्ही गेलो. मारोतींनी हात घालून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. गाय खरोखर माजावर होती. ऊन उतरल्यावर त्यांनी ती भरवली. मी रक्त घेतलं. कुपीवर तारीख घातली आणि अकरा आकडा लिहिला.

एकवीस दिवसांनी गाय उलटते की नाही, ते बघायचं असतं. बाविसाव्या दिवशी मी गेलो तेव्हा धुरपताबाई कामावरून आल्या होत्या, हातापायांना पांढरी माती. म्हणाल्या, "उलटली न्हाई."

"उन्हात माज मुका असतो. न कळता उलटली असेल तर?"

"माज मुका असंल, डॉक्टर. पण मला दिसतंय की."

माझ्याजवळ तिचे भरवल्यापासूनचे चार आठवड्यांचे नमुने होते, पण ते बर्फात होते. गाभण राहिलेल्या गाईच्या रक्तात एक संप्रेरक चढतं आणि चढलेलंच राहतं. गाय रिकामी असली तर ते तीन आठवड्यांत उतरतं. माझा सगळा प्रबंध याच एका गोष्टीवर उभा होता. पण ते मोजायचं किट मुंबईहून यायचं, एकदा उघडलं की थोड्या दिवसांत संपवावं लागायचं. म्हणून सगळ्या गाईंचे सगळे नमुने गोळा झाल्यावर, जूनच्या अखेरीस, एकदम तपासायचे असं ठरलं होतं. तसंच करतात. चूक त्यात कुणाची नाही.

मे महिना आला. तळणवाडीची विहीर आटली, टँकर सुरू झाला. त्याची वेळ ठरलेली नसायची. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी टँकर आल्याचा गलका झाला तेव्हा लिंबाखाली पारूबाई एकट्या होत्या. पोतं वाळलं होतं, घमेलीही कोरडी. सून संध्याकाळी आल्यावर पाणी आणेल म्हणून थांबायचं, तर गाय धापत होती. म्हातारी घागर घेऊन निघाली. टँकरला गर्दी होती. तासभर ती अनवाणी रांगेत उभी होती, असं नंतर साखराबाईनं सांगितलं. घागर भरली, उचलून कमरेवर घेतली आणि तिथंच ती खाली बसली. लोकांना वाटलं, दम खायला बसली.

श्रीमंतनं बैलगाडी जुंपून तिला रेणापूरला नेलं. साखराबाई गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. निरोप मिळून धुरपताबाई आणि केरबा तलावावरून धावत आले तोवर म्हातारी बोलायची बंद झाली होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं लागत होतं. घामाचा थेंब नव्हता. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. माझा नमुन्याचा दिवस होता. मला काही ठाऊक नव्हतं. वस्तीत वंदना चालली होती, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बसल्या होत्या, नांदेडहून पंचशीला आली होती. मी थर्मास हातात घेऊन दाराशी उभा राहिलो. त्या आठवड्यात मी वीस गाईंचा ताप दशांशापर्यंत मोजून वहीत लिहिला होता, आणि ज्या म्हातारीसमोर बसून मी दर वेळी सरकारचे श्वास मोजायचो तिच्या कपाळाला कधी हात लावून बघितला नव्हता.

वंदना झाल्यावर केरबा बाहेर आले. "आता गाय ठेवायची न्हाई," ते म्हणाले. ते मला सांगत नव्हते, कुणालाच सांगत नव्हते. "माजी माय तिच्या पाण्यापायी गेली. इतवारी हाळीला गुरांचा बाजार हाय."

धुरपताबाई मागे उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी एकदा हात घालून बगा. राहिली हाय का?"

गाय भरवल्याला बेचाळीस दिवस झाले होते. मी हात धुऊन लिंबाखाली गेलो आणि बराच वेळ तपासलं. दोन महिने भरल्याशिवाय हाताला खात्रीनं कळत नाही. अनुभवी माणसाला थोडं आधी कळतं. मला अनुभव नव्हता. काहीतरी वेगळं लागतंय असं वाटलं, पुन्हा वाटलं की नाही.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "अजून वीस दिवस गेले तर सांगता येईल."

"आन् तुमच्याजवळचं रगत काय म्हणतंय?"

"ते अजून तपासलं नाही. सगळे नमुने एकदम तपासायचे आहेत."

"कवा?"

"जूनअखेर."

त्यांनी मान हलवली. त्यांचा हात सरकारच्या कुशीवर होता, तो तिथंच राहिला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमी हाव म्हणला असता तर मी यास्नी थांबवलं असतं."

मी एक गोष्ट करू शकलो असतो. माझ्या मार्गदर्शकांना पत्र लिहून, नाहीतर स्वतः जाऊन, एका गाईचे नमुने आधी तपासता येतील का, कुठे दुसरीकडे किट उघडलेलं आहे का, एवढं विचारू शकलो असतो. कदाचित ते नाही म्हणाले असते. मी विचारलंच नाही. नवा मुलगा, प्रबंधाच्या मध्यावर अशी मागणी करतोय असं दिसेल, याची मला लाज वाटली. आणखी वीस दिवस थांबा, असंही मी जोर देऊन म्हणालो नाही. ज्या घरातून तीन दिवसांपूर्वी माणूस गेलं, त्यांना गाईसाठी टँकरचं पाणी भरत बसा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी केरबा आणि वस्तीतला एक जण पहाटे गाय घेऊन रविवारच्या हाळीच्या बाजाराला निघाले. धुरपताबाई त्या दिवशी तलावावर कामाला गेल्या. पंचशीलानं मला नंतर सांगितलं की जाण्याआधी आईनं सरकारला भाकरी खाऊ घातली आणि ती निघाली तेव्हा घरात जाऊन दार लावून घेतलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेतून आकडे आले. मी ते तक्त्यात उतरवत होतो. भर उन्हाळ्यात भरवलेल्या बारा गाईंपैकी नऊ रिकाम्या राहिल्या होत्या. त्यांच्या रक्तातलं ते संप्रेरक एक तर चढलंच नव्हतं किंवा थोडं चढून पडलं होतं. तीन गाभण होत्या. अकरा क्रमांकाची गाय त्या तिघींत होती, आणि तिचे आकडे सगळ्यांत चांगले होते. एक एप्रिलला जवळजवळ शून्य, माजाच्या दिवशी असतं तसं, म्हणजे माज अगदी बरोबर ओळखला होता. नंतर चढत गेलेलं, तिसऱ्या आठवड्यात न उतरलेलं, आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या नमुन्यातही तसंच भरलेलं. तो शेवटचा नमुना मी हात घालून बघितलं त्याच दिवशी, त्याच लिंबाखाली काढला होता. झाडाची सावली, ओलं पोतं, अंघोळीचं पाणी, म्हातारीची राखण, सगळं उपयोगी पडलं होतं.

माझे मार्गदर्शक म्हणाले की विकली गेलेली गाय शेवटपर्यंत पाहता आली नाही, तेव्हा ती तक्त्यातून वगळावी. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. मी वगळली.

सांगावं की न सांगावं, यात माझे आठ दिवस गेले. मग मी तळणवाडीला गेलो. पाऊस त्या वर्षीही धड झाला नव्हता. धुरपताबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. शब्द आधी जुळवून आणले होते, ते सगळे विसरलो. "धुरपताबाई, सरकार गाभण होती," एवढंच म्हणालो.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदाच्या आधी माझ्या हाताला कळलं व्हतं. तिची कूस बदलली व्हती. नजर शांत झाली व्हती. बाई पोटुशी राहिली की बसताना जशी आवरून बसती, तशी बसायची. पण तुमी शिकल्याले. तुमी हात घातला आन् म्हणलात, सांगता येत न्हाई. मी म्हणलं, यास्नी कळंना तर मला काय कळतंय? मी माझ्या हाताचं ऐकलं न्हाई, डॉक्टर."

त्या रडल्या नाहीत. मला वाटतं, मी रडेन म्हणून त्यांनी स्वतःला आवरलं. मी "माझं चुकलं" असं काहीतरी म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. केरबा घरात होते. ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "इतवारी या. हाळीला जाऊ."

त्या रविवारी आम्ही दोघं हाळीच्या बाजारात गेलो. ज्या व्यापाऱ्याला गाय दिली होती तो रेवणप्पा, सीमेकडचा, मराठीत कानडी मिसळून बोलणारा. तांबूस, डाव्या शिंगाची तुटकी, हे सांगितल्यावर त्याला आठवली. त्यानं ती देगलूरकडच्या एका दलालाला दिली होती. आम्ही एसटीनं देगलूरला गेलो, नांदेड जिल्ह्यात. दलाल भेटला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मेमध्ये चाळीस जनावरं दोन ट्रकांतून सरहद्दीपलीकडे गेली, असं तो म्हणाला.

"कुणाच्या दावणीला?" केरबांनी विचारलं.

दलाल माझ्याकडे बघू लागला. "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. दुष्काळात आटलेली गाय दावणीला कोण बांधतं?"

परतीच्या प्रवासात अहमदपूरला गाडी बदलताना केरबांनी माझा हात धरून मला रस्त्याच्या कडेला ओढलं, कारण मी समोरून येणारी मोटार बघितली नव्हती. घरी पोचल्यावर धुरपताबाई दारातच होत्या. केरबांनी काही झाकून ठेवलं नाही. "ट्रकात गेली," ते म्हणाले. "आता शोधायचं न्हाई." धुरपताबाई आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "डॉक्टर, जेवून जावा. भाकर टाकलीया." मी जेवलो. पिठलं होतं. केरबांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उठले. धुरपताबाई चुलीपुढं बसून राहिल्या, आमच्याकडे पाठ करून.

त्यानंतर त्यांनी कधी जनावर पाळलं नाही. दोन वर्षांनी पुन्हा योजना आली, यादीत त्यांचं नाव होतं. मी तेव्हा उदगीरच्या बाजूला नोकरीला लागलो होतो, मुद्दाम जाऊन सांगून आलो. त्यांनी नको म्हटलं. पत्रे काढून त्यांनी घरावर घातले होते.

पण गाई त्यांना सुटल्या नाहीत. मारोतींकडून मला बातम्या कळत. सुरुवात साखराबाईपासून झाली. तिची जर्सी भरवूनही राहीना, तेव्हा ती एका सकाळी स्वतः वस्तीत आली आणि म्हणाली, "धुरपता, येऊन बघ की जरा." धुरपताबाई गेल्या. आजवर या घराशी त्या बांधापाशी उभं राहूनच बोलायच्या. त्या दिवशी सरळ आत, गोठ्यात गेल्या. तासभर नुसत्या बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात न्या. उद्या येईल माजावर." आली. मग गावातली, शेजारच्या गावांतली माणसं येऊ लागली. माज केव्हा आहे ते त्या सांगायच्या. गाय राहिली की नाही, तेही महिन्या-सव्वा महिन्यात कुशीला हात लावून सांगायच्या. मारोती म्हणत, दहांतल्या आठ वेळा बरोबर निघायचं. कुणी गाय विकायला काढली असली आणि विचारायला आलं, तर गाय न बघताच म्हणायच्या, "दोन म्हैने थांबा." कुणी थांबायचं, कुणी नाही. जो थांबला नाही त्याच्या घरी त्या पुन्हा जात नसत.

मी वर्षा-दोन वर्षांनी जात असे. सरकारचा विषय आमच्यात निघाला नाही. पारूबाईंबद्दल मात्र त्या बोलायच्या. म्हणायच्या, "मी कामावर जाताना रोज सांगून जायची, आत्या, उन्हात जाऊ नका. त्या दिवशी सांगायचं राहिलं." हे त्यांनी मला तीन-चार वेगवेगळ्या भेटींत सांगितलं, दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

पंचशीला शिकली, शिक्षिका झाली आणि किनवटला एका आश्रमशाळेत, मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघू लागली. गावात पाण्याचे हाल वाढले तेव्हा तिनं आईवडिलांना तिकडे नेलं. जंगलाचा भाग, सावली भरपूर. मी एकदा रेल्वेनं गेलो होतो तर धुरपताबाई वसतिगृहाच्या ओट्यावर मुलींच्या वेण्या घालत बसलेल्या. केस पांढरे झाले होते, बांधा तसाच काटक. म्हणाल्या, "इथं गाई लई बारक्या हायेत, डॉक्टर. दूध कमी देत्यात. पण उन्हाला भीत न्हाईत."

२००९ च्या मेमध्ये त्या गेल्या. महिनाभर जेवण सुटलं होतं, असं पंचशीलानं फोनवर सांगितलं. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. वंदना होऊन गेली होती, लोक पांगत होते, वसतिगृहातल्या काही मुली सुट्टी असूनही आल्या होत्या. पंचशीला मला भेटली आणि इतकंच म्हणाली, "सर, तुम्ही जरा आधी यायला हवं होतं." ती सहज बोलली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

केरबा बाहेर सागाच्या झाडाखाली खाटेवर बसले होते. कानांनी ऐकू येत नव्हतं. मी जवळ बसलो. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ठेवूनच बसले. मी मोठ्यानं विचारलं, "केरबा, चार दिवस लातूरला येता का माझ्याकडे?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"पोरीला सोडून कुठं जाऊ?" ते म्हणाले. "आन् इथं सावली हाय."

संध्याकाळच्या गाडीला अजून दोन तास होते. आम्ही तसेच बसून राहिलो.